२३५ वॉट आणि हवेचा हिशेब : एका टाइम ट्रायल रायडरचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही रायडर विशीतली. उंची १६६ सेंटीमीटर, वजन ६२ किलो. घोळक्यातल्या रोड रेसमधून टाइम ट्रायलकडे वळून तिला दोन हंगाम झाले होते. घड्याळाविरुद्ध एकटीने सायकल हाणायची, पुढे कुणाचा आडोसा नाही, हा प्रकार तिच्या स्वभावाला मानवला होता. लक्ष्य होतं ३० किलोमीटरची सपाट टाइम ट्रायल. पाऊण तासभर ती साधारण २३५ वॉट टिकवू शकत होती, आणि हा आकडा दोन वर्षांत जेमतेम हलला होता. ओळख उघड होऊ नये म्हणून स्पर्धेचं नाव आणि ठिकाण इथे देत नाही.

मी या प्रकरणात मोजमापाची बाजू सांभाळली. प्रशिक्षक तिचे आधीपासूनचे होते. स्पर्धेला आठ आठवडे उरले असताना त्यांनी मला बोलावलं.

अडचण

तिच्याएवढीच किंवा थोडी कमी ताकद लावणाऱ्या मुली त्याच रस्त्यावर तिच्या मिनिटभर आधी पोचत होत्या. आदल्या वर्षी तिने ३० किलोमीटरला ४५ मिनिटं ५२ सेकंद घेतले होते, सरासरी २३६ वॉटला. प्रशिक्षकांचा कयास वजनावर होता: तीन किलो उतरले तर वेग आपोआप येईल. तिने रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलंही होतं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली. पहिल्याच बैठकीत तिचा चेहरा ओढलेला दिसत होता, आणि आधीच्या तीन आठवड्यांच्या सरावाच्या नोंदींच्या फायलींमध्ये इंटरव्हलचे, म्हणजे थांबून-थांबून जोर लावायच्या सरावाचे, शेवटचे सेट सरळ कोसळलेले होते.

म्हणून आधी कागदावर हिशेब केला. वाऱ्याविना, सपाट रस्त्यावर, सायकल आणि सामान धरून ७२ किलो वजन, हवेची घनता घनमीटरला १.१५ किलो, चांगले टायर. २३५ वॉटला तिचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास येतो. त्या वेगाला चाकापर्यंत पोचलेल्या ताकदीतली सुमारे ८५ टक्के हवा खाते. उरलेली टायर आणि रस्त्याच्या घर्षणात जाते. तीन किलो वजन कमी झालं तर फक्त हे घर्षण कमी होतं, तेही जवळपास दीड वॉटनं. चढ असता तर गोष्ट वेगळी होती. सपाट रस्त्यावर दीड वॉटसाठी उपाशी झोपणं हा सौदा मला मंजूर नव्हता, आणि आकडा समोर ठेवल्यावर प्रशिक्षकांनाही हा सौदा पटला नाही. त्या आठवड्यापासून तिचं जेवण पूर्ववत झालं. या प्रकरणातला हा पहिला निर्णय, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

हवेचा रोध दोन गोष्टींवर ठरतो: समोरून दिसणारं क्षेत्रफळ आणि आकार हवेला किती अडवतो त्याचा गुणांक. दोन्हींचा गुणाकार म्हणजे सीडीए, चौरस मीटरमध्ये. रोड सायकलवर हूड (ब्रेकच्या वरच्या मुठी) धरून बसलेल्या रायडरचा सीडीए ०.३२ च्या पुढेही सहज जातो. टाइम ट्रायलच्या बैठकीत तो ०.२० ते ०.२५ च्या दरम्यान येतो. तिच्या वेगाला सीडीए ०.००५ ने कमी झाला की सुमारे ४ वॉट वाचतात. पुढचा सगळा खटाटोप या चार-चार वॉटांच्या तुकड्यांसाठी आहे.

पर्याय

ताकद वाढवणं हा पहिला पर्याय. ते चालूच राहणार होतं, पण आठ आठवड्यांत १५ वॉट वाढतील अशी आशा तिच्या आलेखावरून धरता येत नव्हती.

दुसरा पर्याय सामानाचा: नवी फ्रेम, नवी चाकं. पण या वेगाला एकूण रोधातला बहुतेक भाग रायडरच्या शरीराचा असतो, सायकलचा वाटा त्यामानाने लहान. मागे डिस्क (आरे नसलेलं बंद चाक) आणि पुढे खोल रिम तिच्याकडे होतीच. हा पर्याय दोन मिनिटांत बाजूला पडला.

तिसरा विंड टनेलचा, म्हणजे पंख्यांनी वारा सोडणाऱ्या बोगद्याचा. तिथे हवा काबूत असते, फरक पटकन आणि स्वच्छ दिसतो. मात्र वेळ मोजून मिळतो, खर्च मोठा, आणि रायडर तिथे ताजीतवानी असते. दहा सेकंद मान आवळून धरलेली स्थिती तिथे झकास दिसते, पण तिसाव्या मिनिटाला त्या मानेचं काय होतं ते बोगद्यात कळत नाही. वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा ट्रॅक, हा मधला मार्ग, पण तो वेळेत मिळेना.

उरला रस्ता. पॉवर मीटर (रायडरची ताकद वॉटमध्ये मोजणारं उपकरण), वेगाचा सेन्सर आणि सुरुवातीच्याच बिंदूला परत येणारा शांत फेरा एवढ्यावर सीडीए काढता येतो. रॉबर्ट चुंग यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत इथे कामाला येते. प्रत्येक सेकंदाची ताकद आणि वेग घ्यायचा, सीडीएचा एक अंदाज धरायचा आणि त्यावरून रस्त्याची उंची उलटी काढायची. फेरा जिथून सुरू झाला तिथेच संपतो, म्हणजे काढलेली उंचीही फेऱ्याअखेर मूळ जागी यायला हवी. सीडीए खऱ्यापेक्षा कमी धरला तर हवेच्या खात्यावर कमी ताकद पडते, उरलेली चढाच्या खात्यावर जाते आणि रस्ता प्रत्येक फेऱ्याला वर वर सरकताना दिसतो. जास्त धरला तर तो खाली घसरतो. ज्या आकड्याला फेरे एकमेकांवर बसतात, तो त्या स्थितीचा सीडीए.

आम्ही रस्ता निवडला. पद्धत स्वस्त आहे हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं: मोजताना रायडर खरोखर सायकल चालवत असते.

आधी मोजमापाची परीक्षा

पहिल्या सकाळी काहीच बदलायचं नाही असं ठरलं. तीच सायकल, तेच कपडे, तीच बैठक. काही फेरे मारायचे, उतरायचं, पाणी प्यायचं, पुन्हा चढायचं, पुन्हा फेरे.

"सर, सहा आठवड्यांवर रेस आहे आणि आज काहीच बदलायचं नाही?" तिने प्रशिक्षकांना विचारलं.

"अगं, तराजू खोटा असेल तर वजन करून काय मिळणार?"

तिची घाई रास्त होती, पण सर बरोबर होते. त्या सकाळचे आकडे ०.२४४ ते ०.२५२ एवढे पसरले, सरासरी ०.२४८. म्हणजे काहीही न बदलता ६ वॉटांचा फरक दिसत होता. कुणी त्यातला पहिला फेरा जुन्या हेल्मेटने आणि शेवटचा नव्याने मारला असता, तर त्या हेल्मेटचा विजय तिथेच जाहीर झाला असता.

पसारा कुठून येतो ते शोधण्यात पूर्ण आठवडा गेला. टायरचा दाब दर वेळी मोजू लागलो. पॉवर मीटर थंड हवेत शून्यावर आणून लगेच निघणं बंद केलं. सायकल बाहेरच्या तापमानाला आली की मगच शून्य करायचं. वेगासाठी जीपीएसवर विसंबलो नाही. रायडर वर बसलेली असताना चाकाचा परीघ मोजून सेन्सरमध्ये भरला. फेऱ्यात ब्रेक लागला किंवा शेजारून गाडी गेली की तो फेरा रद्द, कारण गाडीमागून ओढली गेलेली हवा रायडरलाही पुढे ओढते.

तापमानाचं खास सांगायला हवं. हवा १० अंशांनी तापली की घनता तीन टक्क्यांहून थोडी जास्त घटते. सकाळी सहाला सुरू केलेली चाचणी साडेनऊला संपेपर्यंत हवा चांगलीच तापलेली असते. दर फेऱ्याची घनता तापमान, दाब आणि आर्द्रतेवरून काढली नाही, तर शेवटी तपासलेली वस्तू नेहमीच जिंकते. तिच्या लांब शेपटीच्या हेल्मेटची कहाणी अशीच निघाली. हंगामाआधी तिने सकाळी जुनं आणि दुपारी नवं घालून दोन राइड केल्या होत्या आणि नवं वेगवान म्हणून ठरवून टाकलं होतं.

पसाऱ्याचा सगळ्यात मोठा वाटा मात्र तिच्या डोक्याचा निघाला. वॉट स्थिर ठेवायला ती सायकल कॉम्प्युटरकडे बघायची, आणि तो स्टेमवर (हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्यावर), जवळजवळ छातीखाली होता. बाजूने घेतलेल्या व्हिडिओत दर सात-आठ सेकंदांनी हनुवटी खाली आणि हेल्मेटची शेपटी आकाशाकडे उभी राहिलेली दिसते. कॉम्प्युटर पुढे, दोन एक्स्टेंशनच्या (हँडलवरून पुढे आलेल्या, हातात धरायच्या दांड्यांच्या) टोकांपाशी नेला. दुसऱ्याच सकाळी पसारा निम्म्यावर आला.

यानंतर नियम ठरला. कोणताही बदल जुनी स्थिती, नवी स्थिती, पुन्हा जुनी, असाच तपासायचा. दोन्ही जुने आकडे जुळले नाहीत तर ती सकाळ वाया गेली असं धरायचं. आणि ०.००५ पेक्षा कमी फरक दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसल्याशिवाय मानायचा नाही.

काय बदललं, काय नाही

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली: कोपराखालचे पॅड दोन सेंटीमीटर खाली. ०.२४७. म्हणजे काहीच नाही. पाठ खाली गेली, पण रस्ता दिसावा म्हणून तिने डोकं तेवढंच वर काढलं, आणि समोरून बघता आकृती होती तशीच राहिली. पॅड परत वर आणले.

मग हात. एक्स्टेंशन तिरके करून मुठी वर, चेहऱ्यासमोर आणल्या आणि टोकं थोडी जवळ घेतली. मुठी आणि हनुवटीमधली पोकळी जवळजवळ बुजली, छातीकडे शिरणारी हवा हातांवरून बाजूला जाऊ लागली. ०.२३९. जुनी स्थिती पुन्हा मोजली, ०.२४८. दोन दिवसांनी पुन्हा तोच फरक. एका पान्याने सात वॉट.

इथे नियमांची आठवण ठेवावी लागली. सर्वात कमी रोधाची बैठक कायद्यात बसतेच असं नाही. ग्रॅम ऑब्रीने १९९३ मध्ये हात छातीखाली दुमडून एका तासात ५१.५९६ किलोमीटर कापले आणि पुढच्याच वर्षी यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, ती बैठक बंद केली. क्रिस बोर्डमनने १९९६ मध्ये हात पुढे ताणून ५६.३७५ किलोमीटर केले, ती बैठकही पुढे नियमाबाहेर गेली. २०२३ पासून एक्स्टेंशनची लांबी आणि उंची यांच्या मर्यादा रायडरच्या उंचीनुसार तीन गटांत ठरतात, आणि आमची रायडर सगळ्यात कमी उंचीच्या, म्हणजे सगळ्यात कडक मर्यादेच्या गटात येत होती. प्रत्येक बदलानंतर आम्ही टेप लावून माप घेतलं. आणखी दोन सेंटीमीटर वर जायचा मोह होता, पण सुरुवातीच्या रेषेवर पंचांनी पान्याने बैठक बदलायला लावली तर आठ आठवडे पाण्यात.

पॅड एकमेकांजवळ आणून कोपरं आत घेतली तर ०.२४१. फायदा नाही, वर श्वास कोंडतो अशी तिची तक्रार. अरुंद म्हणजे वेगवान हे अनेकांचं गृहीतक आहे. काहींच्या बाबतीत ते खरंही ठरतं. तिच्या खांद्यांची ठेवण अशी होती की कोपरं आत गेली की खांदे वर उचलले जायचे. बदल रद्द.

हेल्मेटची चाचणी तिला मनापासून नको होती, कारण लांब शेपटीचं तिने हौसेने घेतलं होतं. मैत्रिणीचं आखूड शेपटीचं उसनं आणलं. ०.२३४, म्हणजे आणखी ४ वॉट. लांब शेपटी पाठीला चिकटून राहते तोवर चांगली. तिची पाठ आणि मान यांच्यात खाच पडत होती आणि शेपटी त्या खाचेवर तरंगत होती.

शेवटी स्किनसूट, म्हणजे अंगाला चिकटणारा एकसंध पोशाख. जुना उभं राहून मापला होता. एअरो बारवर (पॅड आणि एक्स्टेंशन असलेल्या हँडलवर) वाकल्यावर खांद्यांवर आणि दंडांवर बारीक सुरकुत्या पडायच्या. नवा वाकलेल्या स्थितीत घट्ट बसेल असा, दंडावर खरखरीत विणीचा. दंड हा हवेच्या दृष्टीने गोल खांबच. या वेगाला त्यावरची हवा गुळगुळीत पृष्ठभागावरून लवकर सुटते आणि मागे रुंद पोकळी सोडते. थोडा खरखरीतपणा हवेच्या पातळ थरात खळबळ उडवतो, हवा आणखी थोडी मागेपर्यंत चिकटून राहते आणि पोकळी अरुंद होते. ०.२२८.

खरा निर्णय

या टप्प्यावर सगळे खूश होते आणि स्वाभाविकच आणखी खाली जायचं ठरलं. सॅडल पुढे, पॅड तीन सेंटीमीटर खाली, डोकं खांद्यांत ओढून घेतलेलं. ०.२१९. कागदावर आणखी ८ वॉट. रायडर म्हणाली, "हीच ठेवूया."

दोन्ही बैठका मोठ्या कागदावर मांडल्या. खालच्या बैठकीत तिच्या मांड्या बरगड्यांना टेकत होत्या. क्रँक (पेडल जोडलेले दांडे) १७२.५ मिलिमीटरवरून १६५ वर आणले, म्हणजे पेडल सगळ्यात वर असताना गुडघा कमी वर येतो आणि कंबरेतला कोन मोकळा होतो. त्याने बरं वाटलं, पण पुरेसं नाही. मग रस्त्यावरच प्रत्येक बैठकीत २० मिनिटं पूर्ण जोराने, मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवून, आणि दुसऱ्या आठवड्यात क्रम उलटा करून. वरच्या बैठकीत सरासरी २४६ वॉट, खालच्या बैठकीत २३४.

बारा वॉट देऊन आठ मिळत होते. वेगात मांडलं तर पाऊण तासाच्या ताकदीवर वरची बैठक ताशी ४१.१ किलोमीटर, खालची ४०.८. शिवाय खालच्या बैठकीत पंधराव्या मिनिटानंतर मान सुटायची, तेव्हा ०.२१९ हा आकडाही पूर्ण वेळ खरा नव्हता.

तिला हे मानणं जड गेलं. सीडीएचा आकडा लहान झालेला बघायची सवय लागली होती, आणि आता त्याच्याकडे पाठ फिरवायची होती. प्रशिक्षकांनी तिला दोन्ही फायली शेजारी ठेवून स्वतः वेग काढायला लावला. त्यांनी नुसता निर्णय ऐकवला असता तर स्पर्धेच्या आदल्या रात्री तिने पॅड खाली घेतले असते, याबद्दल मला फारशी शंका नाही. वरची बैठक कायम झाली, आखूड क्रँकसह. उरलेल्या दिवसांत एकही पान्याचं काम केलं नाही. सगळे इंटरव्हल त्याच बैठकीत झाले.

निकाल

४४ मिनिटं ३९ सेकंद. आदल्या वर्षीपेक्षा ७३ सेकंदांनी लवकर, आणि ४ वॉट कमी लावून. नवव्या क्रमांकावरून पाचव्या क्रमांकावर.

या ७३ सेकंदांचं सगळं श्रेय बैठकीला देता येत नाही. वारा दोन्ही वर्षी वेगळा होता, आणि एका स्पर्धेच्या वेळेवरून सीडीए सिद्ध होत नाही. स्थिर हवेत ०.२४८ वरून ०.२२८ वर आल्याचा फायदा ३० किलोमीटरला साधारण ७० सेकंद निघतो, म्हणजे मेळ बसतो, इतकंच म्हणेन. पूर्ण जेवून आलेल्या रायडरचाही त्यात हात आहे, तो मात्र वॉटमध्ये मांडता येणार नाही.

स्पर्धेच्या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. पहिल्या अर्ध्या तासाचा सीडीए ०.२३० च्या आसपास होता, म्हणजे चाचणीला धरूनच. शेवटच्या बारा-तेरा मिनिटांत तो ०.२३९ झाला. शेवटच्या वळणावर प्रेक्षकांपैकी कुणी काढलेल्या व्हिडिओत कारण दिसतं: मुठी खाली आलेल्या, हनुवटी पुढे, खांदे उचललेले. एवढ्याने साधारण नऊ सेकंद गेले. चौथा क्रमांक तिच्यापासून सहा सेकंदांवर होता.

पुन्हा करायचं झालं तर

ताकदीची चाचणी शेवटी ठेवू नये. प्रत्येक मोठ्या बदलानंतर लगेच वीस मिनिटं जोरात चालवून बघितलं असतं, तर खालच्या बैठकीच्या मागे गेलेले दहा दिवस वाचले असते आणि ते मानेच्या कामाला मिळाले असते.

हेल्मेट दमलेल्या मानेवर तपासावं. आमच्या सगळ्या चाचण्या सकाळी, ताज्या पायांनी झाल्या. पुढच्या हंगामासाठी ठरलेलं असं आहे की आधी चाळीस मिनिटं स्पर्धेच्या जोराने चालवायचं आणि मग फेरे मोजायचे. आखूड शेपटीचा फायदा तेव्हा वाढेल असा माझा अंदाज आहे, पण मोजल्याशिवाय तो लिहून ठेवणार नाही.

स्किनसूट आणि हेल्मेट एकत्र तपासायला हवे होते. हेल्मेटवरून सुटलेली हवा खांद्यांवरच येते, तेव्हा एकाचा फायदा दुसऱ्यावर अवलंबून असू शकतो. आम्ही एकामागून एक बदललं आणि फरक नुसते जोडत गेलो.

नव्या हंगामात आठवड्यातून दोनदा मान आणि खांद्यांचे व्यायाम आहेत, आणि लांब राइडच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत एअरो बारवर बाजूने व्हिडिओ. पहिल्या व्हिडिओत मुठी सहाव्या मिनिटाला खाली आल्या. परवाच्या व्हिडिओत अकराव्या.